कापूस आमचा, कापड कुणाचे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन गरजा आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. अन्नावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. निवाऱ्यासाठी योजना निघतात. वस्त्राचा विषय मात्र स्नेहसंमेलनातील ‘पारंपरिक वेशभूषा दिना’पुरता उरला आहे. त्या दिवशी मुली नऊवारी नेसतात, नथ घालतात. मुले धोतर आणि फेट्यात मिरवतात. टाळ्या पडतात, बक्षिसे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी परंपरा घडी करून पेटीत जाते.

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते काहींना रुचणार नाही. त्या दिवशीच्या बहुतेक नऊवारी पॉलिस्टरच्या असतात, यंत्रमागावर विणलेल्या आणि कंबरेला नाडी लावून तयार शिवलेल्या. फेटाही पॉलिस्टरचा. म्हणजे वेश जुना, पण त्यात हाताचे काम जवळजवळ काहीच नाही! आपण परंपरेचा आकार तेवढा सांभाळला आणि तिच्यातला माणूस, म्हणजे विणणारा, कातणारा, रंगवणारा, बाहेर काढला. मला विचाराल तर हे उलटे व्हायला हवे. आकार कोणताही असू द्या, सदरा असो, पंजाबी ड्रेस असो की पँट. पण वर्षातले काही दिवस तरी अंगावरचे कापड हाताचे असावे, आणि ते मिरवण्यासाठी नव्हे, रोजच्या वापरासाठी असावे.

येथे एक फरक सांगणे जरूर आहे. हाताने कातलेले सूत हातमागावर विणले की ती खादी. गिरणीचे सूत घेऊन हातमागावर विणले की ते हातमागाचे कापड. विजेवर चालणाऱ्या मागावर विणले की ते यंत्रमागाचे. लांबून तिन्ही सारखीच दिसू शकतात, म्हणून तर २००६ साली ‘हँडलूम मार्क’ आणि २०१३ साली ‘खादी मार्क’ आणावा लागला. आपण दुकानात किंमत विचारतो, रंग जातो का ते विचारतो. हे कुठे विणले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार वऱ्हाडाला इतरांपेक्षा अधिक आहे. आमच्या लोणार-मेहकर भागात आता सोयाबीनचा पेरा वाढला असला, तरी कपाशी अजून गेलेली नाही. आपल्याच जिल्ह्यातील खामगाव ही कापसाची केवढी मोठी पेठ होती! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यानंतर १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकण्यात आला. हा फाटा वऱ्हाडी माणसाने पंढरपूरला जावे म्हणून टाकला नव्हता. कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदरावर लवकर पोहोचाव्यात म्हणून टाकला होता. कापूस गेला आणि कापड होऊन परत आले. मधल्या मधे आपल्याकडचा माग थांबला. आजही शेतकऱ्याच्या हातून कापूस सरकीसकटच सुटतो. पुढे त्याचे सूत कुठे होते, कापड कुठे होते, हे पिकवणाऱ्याला ठाऊक नसते. त्याच्या अंगात मात्र टेरिकॉटचा शर्ट असतो. कापूस वेचणाऱ्या बायकांकडे नीट पाहा. अंगावर सिंथेटिक साडी, तिच्यावर हात खरचटू नयेत म्हणून नवऱ्याचा जुना शर्ट, आणि कंबरेच्या ओटीत पांढराशुभ्र कापूस. याहून कडू विनोद कोणता?

कोणी म्हणेल, हातची वस्त्रे नाजूक असतात, ती सणावाराला ठीक, रानावनात काय कामाची? हा समज शहरातल्या शोकेसमधून आला आहे. आमच्या आजीचे सुती लुगडे शेतातच झिजले. निंदायला वाकणे, बांध ओलांडणे, डोक्यावर भारा घेऊन चालणे, सगळे त्यातच. ती म्हणते, “पोरी, कास्टा मारला का मंग बाई झाडावरही चढते.” नऊवारी हा मुळात कष्टाचा पोशाख आहे, नटण्याचा पोशाख आपण तिला अलीकडे केले. धनगरी घोंगडीचेही तसेच. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की गुराख्याचा दिवस निभावतो. जाड लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. रात्री तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. आणि उन्हाचे काय सांगावे? मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. हातमागाच्या सुती कापडाची वीण थोडी सैल असते, वारा आत खेळतो, सूत घाम पिते. पॉलिस्टर घाम पीत नाही, तो अंगावरच राहतो. उघड्यावर राबणाऱ्यांनी शतकानुशतके जे वापरले ते काही हौसेने वापरले नाही. त्याला अनुभवाचा आधार होता.

वस्त्राने बोलता येते, हे आपल्या महाराष्ट्रातील थोर माणसांना चांगले माहीत होते. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी १८७२ मध्ये स्वदेशी वस्त्राचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, राजेमहाराजांच्या झगमगाटात, ते हातसुताची खादी घालून गेले. गांधीजींनी पंचा नेसण्याचा निर्णय घेतला तो १९२१ मध्ये. त्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधीची ही गोष्ट. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तेव्हा महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात हजर राहिले आणि दागदागिन्यांनी मढलेल्या या मंडळींवरून देशाची पारख करू नका, असे त्यांनी पाहुण्यांना ऐकवले.

पण येथेच मला थांबून दुसरी बाजू मांडली पाहिजे, कारण तिच्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. परंपरेचा पोशाख सर्वांना सारखाच गोड नव्हता. कोणी कसे नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, नवे कापड घालावे की उतरलेले, हे जातीने ठरविले होते. लुगडे पाहून बाईची जात ओळखावी, अशीच ती व्यवस्था होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि ते दागिने सोडा. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. आणि त्या स्त्रियांनी लगेच आपली नेसण्याची पद्धत बदलली. आमच्या वस्तीत १४ एप्रिलला लहानथोर सारे स्वच्छ पांढरे कपडे घालतात. ते पांढरे कापड ही फॅशन नाही, तो मिळविलेला हक्क आहे. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. कपड्यावरून माणसाचे गाव, जात आणि पैसा जोखणारी नजर काय असते, हे मला कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. म्हणून ‘आपली जुनी वेशभूषा किती छान होती’ असे कोणी डोळे मिटून म्हणू लागले, की मला विचारावेसे वाटते, कुणासाठी छान होती?

मग मी हातच्या कापडाची बाजू का घेते? कारण पोशाखाची सक्ती वेगळी आणि कापड विणण्याची विद्या वेगळी. सक्ती वरून आली. विद्या खालच्यांच्या हातात होती. कोष्टी, साळी, मोमीन यांचे माग, धनगरांची लोकर, हे सर्व कष्टकऱ्यांचेच धन आहे. विदर्भातील महार समाजही एकेकाळी जाडेभरडे सुती कापड कातीत-विणीत असे, हे आपल्यातील किती जणांना माहीत आहे? गिरणीच्या कापडाने तो धंदा बुडाला. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे ज्यांचे माग बंद पडले त्यांतीलच अनेक हात गिरणीत मजुरीला लागले. तेव्हा हातमाग हा काही उच्चवर्णीयांच्या दिवाणखान्यातील शोभेचा वारसा नाही. तो आमचाही आहे. महाडला सोडली ती गुलामीची खूण. हातातली कला सोडा, असे काही बाबासाहेबांनी सांगितले नव्हते. आजही देशात हातमागावर पोट असणारे सुमारे ३५ लाख लोक आहेत, असे २०१९-२० ची हातमाग गणना सांगते. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. म्हणजे प्रश्न पुन्हा आपल्या आई-मावशीच्या हातांशीच येऊन ठेपतो.

आता किमतीचे पाहू. एका दिवसाच्या निंदणाच्या मजुरीत साधी सिंथेटिक साडी येते. हातमागाच्या साडीला आठवड्याची मजुरी पुरत नाही. जी बाई मजुरीतून तेलमीठ आणि मुलांच्या वह्या भागविते, तिला ‘स्वदेशी वापर’ म्हणून उपदेश करणे हा निर्दयपणा आहे. ज्यांना महिन्याला पगार मिळतो, ज्यांच्या हातात संस्थेचा खर्च आहे, त्यांनी आधी पुढे यावे. दुर्दैवाने वारे उलटे वाहते आहे. आपला राष्ट्रध्वज कितीतरी वर्षे हातच्या सुताच्या खादीचाच असावा असा नियम होता. नांदेडसारख्या ठिकाणी त्याचे कापड घेऊन ध्वज तयार करणारे हात आहेत. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर केलेला व पॉलिस्टरचा ध्वजही चालू लागला. घरोघरी तिरंगा स्वस्तात पोहोचला, हे खरे. पण विणकराचे एक हक्काचे काम त्यात वाटले गेले, हेही खरे. स्वस्ताईची किंमत कोणीतरी देतच असतो. फक्त ती पावतीवर दिसत नाही.

म्हणून माझ्या सूचना लहान आहेत. पहिली आपल्या महाविद्यालयासाठी. दरवर्षी पाहुण्यांचा सत्कार आपण शाल-श्रीफळ देऊन करतो. त्या शाली चकचकीत असतात आणि कोणी पांघरीत नाही. त्याऐवजी खादीचा पंचा किंवा लहान घोंगडी द्यावी. पाहुणा ती निदान वापरील. दुसरी, वेशभूषा दिनाच्या स्पर्धेत कापडालाही गुण असावेत. ते कुठले, कशाचे, कोणी विणले, हे स्पर्धकाने सांगावे. तिसरी, एखादी सहल वर्ध्याला जावी. तेथे १९३८ पासूनचे मगन संग्रहालय आहे. चरख्याचे किती प्रकार झाले, सूत कसे निघते, हे तेथे पाहता येते. कापूस पिकविणाऱ्यांच्या मुलांनी एकदा तरी कापसाचा धागा होताना पाहावा.

आणि चौथी सूचना तुम्हा-आम्हा सर्वांसाठी. उन्हाळा लागला की आपल्याकडे गरीब-श्रीमंत, शेतकरी-मास्तर, मुलगा-मुलगी, प्रत्येक जण डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतो. एस. टी.च्या थांब्यावर उभे राहा. दुपट्ट्याविना डोके दिसणार नाही. त्याला जात विचारीत नाहीत, त्याला नेसण्याची पद्धत नाही आणि साडीच्या मानाने त्याची किंमतही थोडी. यंदा तो एक दुपट्टा आपण हातमागाचा घ्यावा. वर्षभर वापरावा, धुवावा, झिजवावा आणि फाटल्यावर दुसरा घ्यावा. माग चालतो तो वापराने कापड झिजले म्हणजे. पेटीतल्या घडीने तो चालत नाही. हजार विद्यार्थ्यांच्या गावात हजार दुपट्टे म्हणजे कुठल्यातरी घरी कित्येक महिन्यांचे काम आहे. एवढे तर आपल्या खिशाला झेपेल ना?