लडाखला जा, पण लेण्याद्रीवरून

मे महिना आला की जुन्नर-आंबेगावातली आपली नोकरदार कुटुंबं गाडी काढून कोकण, हिमाचल, लडाखचे बेत आखतात. चळवळीतले काहीजण याला चंगळवाद म्हणतात. मला ते पटत नाही. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबाद किल्ल्यापाशी तळ्याच्या पाण्याने तोंड-पाय धुतले, तर 'तळं बाटवलं' म्हणून जमाव अंगावर आला. किल्ल्यात सोडलं तेही सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, पाण्याला हात लागू नये म्हणून! त्यांच्या वारसांनी खुशाल फिरावं.

माझा वाद बेताशी आहे. पोरं लेहच्या गोम्पांपुढे फोटो काढणार आणि लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन खाली उतरणार. ते मंदिर ज्या सातव्या लेण्यात आहे, तो मुळात बौद्ध विहार, हे त्यांना सांगणार कोण? जुन्नरच्या शिलालेखांत एका यवनाने पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे. परका माणूस इथे पाणी देऊन गेला, आणि १९२७ला महाडात आपल्याच माणसांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मधल्या काळात काय घडलं, हे पोरांना गाडीतच विचारा.

यंदा रस्ता असा धरा : लेण्याद्री, नाणेघाट, माळशेज उतरून अशोकाच्या शिलालेखाचं सोपारा, मग अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्याने चवदार तळं. तीन-चार दिवस पुरतात. लडाख पुढच्या वर्षी. फक्त जूनआधी निघा, पावसात माळशेजला दरडी कोसळतात.