बंदूक मागताना कुलूपही मागा

अमेरिका आणि कॅनडा हे शेजारी. २०१७ च्या अंदाजानुसार दर १०० माणसांमागे अमेरिकेत सुमारे १२० खासगी बंदुका, तर कॅनडात ३५. अमेरिकेत २०२१ साली चुकून सुटलेल्या गोळीने ५४९ जीव गेले. कॅनडात लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण बरेच कमी आहे. तिथे परवान्याआधी सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे. घरात बंदूक रिकामी करून, कुलूप लावूनच ठेवावी लागते. अमेरिकेत असा देशव्यापी नियम नाही.

आपल्याकडे अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मध्ये गरजेनुसार अनुसूचित जाती-जमातींना शस्त्रपरवाना देण्याची तरतूद आहे. ती मागणे आपला हक्कच आहे. पण सोबत प्रशिक्षणही मागू या; नाहीतर पहिली गोळी आपल्याच लेकराला लागायची.