वेशीबाहेरची वस्ती



वेस म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगायला नको. राखण करायची वेसकर महाराने आणि राहायचे मात्र त्यानेच गावकुसाबाहेर, ही रीत आपल्या आजे-पणज्यांनी भोगली. आज आम्ही वाचकांना परदेशातली एक वेस दाखवणार आहोत. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहराचा हा जुना दरवाजा. नाव सेंट अँथनी दरवाजा.

२८ एप्रिल १४८८ रोजी त्याचा पहिला दगड बसवला, असे त्याच्याच भिंतीत कोरलेले आहे. पूर्वेकडून येणाऱ्याला शहरात शिरायची वाट ती हीच. दरवाजाचे नाव मात्र आतल्या कोणा सरदार-सावकाराचे नव्हे. बाहेर रस्त्यालगत सेंट अँथनीच्या नावाने कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान होते, त्यावरून ते पडले. या रोग्यांना शहरात राहण्याची मनाई होती. वर्षातून एकदा, जानेवारीतल्या एका सोमवारी, त्यांनी मिरवणुकीने आत यायचे, भीक मागायची आणि परत फिरायचे. १६०४ साली ही मिरवणूकही बंद झाली. पुढे १६३३ मध्ये एका चित्रकाराने तिचे मोठे चित्र काढले. माणसे बाहेर राहिली, चित्र तेवढे आत आले!

शहर फुगत गेले तशी तटबंदी अपुरी पडली व शहरानेच ती पाडली. दरवाजा तेवढा ठेवला आणि १६१७ च्या सुमारास तेथे वजनकाटे बसवले. जहाजांचे नांगर, तोफा असा जड माल इथे तोलला जाई आणि तोलाई शहराच्या तिजोरीत जमा होई. वरच्या मजल्यांवर लोहार, गवंडी, चित्रकार आणि शल्यवैद्य यांचे संघ बसत. एकाच इमारतीत, पण प्रत्येक संघाचे दार वेगळे. जातवार पाणवठ्यांचा अनुभव असलेल्या आम्हाला ही वेगळी दारे वाचून हसू आले.

शल्यवैद्य फाशी गेलेल्या गुन्हेगारांची प्रेते चिरून शरीरशास्त्र शिकवीत. १६३२ साली रेम्ब्रांट या चित्रकाराने असा एक पाठ रंगवला. ते चित्र जगभर गाजले. त्यात डॉक्टर टुल्प आणि त्यांचे सहकारी उंची पोशाखात दिसतात. टेबलावरचा उघडा देह ॲरिस किंट नावाच्या माणसाचा आहे. एकाचा कोट लुटल्याबद्दल त्याला फाशी दिली होती.

दरवाजाबाहेरच्या रस्त्यावर पुढे नवी वस्ती झाली, ती ज्यू लोकांची. स्पेन-पोर्तुगालमधला छळ चुकवून आलेले आधी, जर्मनी-पोलंडमधले गोरगरीब नंतर. इथे त्यांना आपला धर्म पाळता आला, हे शहराच्या पदरी मांडलेच पाहिजे. पण त्याच १६३२ साली शहराने ठरवले की, कारागीर संघांच्या हातातले धंदे ज्यूंनी करू नयेत. समान नागरिकत्व मिळायला १७९६ साल उजाडले.

आणि मग १९४१. हॉलंड हिटलरच्या टाचेखाली होते. फेब्रुवारीत ज्यू वस्तीभोवती काटेरी तारा ठोकल्या, पूल उचलून ठेवले. दरवाजासमोरच्या न्यूमार्क्ट चौकातही तारा आल्या. पाडलेला तट साडेतीनशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला, तोही शहराच्या पोटात. २२ व २३ फेब्रुवारीला चारशेहून अधिक ज्यू तरुण उचलून नेले. त्यांतले जवळजवळ कोणीच परतले नाही.

यावर त्या शहरात आवाज उठवला कोणी? विद्वानांच्या सभेने नव्हे. विलेम क्रान हा रस्तेदुरुस्तीवाला आणि पीट नाक हा झाडूवाला, दोघेही नगरपालिकेचे कामगार, बंदी आलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे आणि स्वतः ज्यू नसलेले. (नाक हे आडनाव वाचून आम्हाला आपला सिदनाक आठवला. संबंध काही नाही, पण आठवला खरा.) त्यांनी २४ तारखेच्या संध्याकाळी बाजारचौकात उघड्यावर सभा घेतली. २५ ला सकाळी ट्राम निघाल्या नाहीत. गोदी थांबली, कारखाने थांबले, दुकाने बंद झाली. शेजारच्या गावांतही संप पसरला. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी गोळ्या चालवून तो मोडला. नऊ माणसे मेली.

संपाने ज्यू वाचले, असे आम्ही म्हणणार नाही. त्या देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. तरी काटेरी तारेच्या अलीकडे, सुरक्षित बाजूला असलेल्या माणसांनी पलीकडच्यांसाठी आपली रोजी आणि जीव पणाला लावला. आपल्या गावकुसाच्या आतून असे किती जण बाहेर आले, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या गावापुरता करावा.

क्रान यांना १९४२ साली गोळ्या घालून मारले. नाक यांना पकडून त्यांचे हाल केले. ते मात्र बचावले आणि १९९६ साली वारले.