ठिपक्यांची रांगोळी आणि ग्राफिक्स कार्ड

मंडळी, गेल्या दिवाळी अंकात या सदरात मी परसातल्या कारल्यांबद्दल लिहिलं होतं. हरणांपासून वेल कसे वाचवायचे, हे विचारायला पार्सिपनीभरातून फोन आले होते. यंदाचा विषय पाहून काहीजण म्हणतील, प्रोफेसरांना या वयात हे काय सुचलं! पण ज्यांच्या घरी हायस्कूलमध्ये जाणारं मूल किंवा नातवंड आहे, त्यांनी कृपया पान उलटू नये. लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं, या एका प्रश्नावर आमच्या घरात अख्खा उन्हाळा गेला.

झालं असं. आमची नात यंदा बारावीत आहे. तिला चित्रकला आवडते, आणि आवडते म्हणजे जेवायला चार हाका माराव्या लागतात इतकी आवडते. कॉलेजात अॅनिमेशन शिकायचं तिने ठरवलं आहे. त्यासाठी हिवाळ्यापर्यंत स्वतःच्या कामाचे उत्तम नमुने तयार करायचे आहेत. जुन्या लॅपटॉपवर ते होईना, म्हणून तिने आई-वडिलांकडे नवा मागितला. तोही गेमिंग लॅपटॉप.

आमचे चिरंजीव म्हणाले, "अभ्यासाला गेमिंग लॅपटॉप? नावातच उत्तर आहे!" नात म्हणाली, "बाबा, मी खेळतेसुद्धा, पण ते शनिवारी. मला ब्लेंडरसाठी कार्ड हवंय." सूनबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि खटला माझ्याकडे पाठवला. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, असा सगळ्यांचा समज आहे.

न्यायाधीश व्हायला मला संकोच वाटत होता. त्याला कारण होतं.

साल १९९७. हेच चिरंजीव तेव्हा पंधरा वर्षांचे होते. त्यांना एक कार्ड हवं होतं. थ्रीडीएफएक्स कंपनीचं 'व्हूडू'. वर्षभरापूर्वीच ते बाजारात आलं होतं आणि किंमत तीनशे डॉलरच्या आसपास होती. त्यावर स्वतःची चार मेगाबाइट मेमरी होती. संगणकात आधीचं साधं व्हिडिओ कार्ड तसंच ठेवायचं, शेजारी हे बसवायचं आणि दोन्ही मागून एका केबलने जोडायची. मी विचारलं, "याने होतं काय?" तो म्हणाला, "गेम छान दिसतात." मी म्हणालो, "म्हणजे खेळणं!" आणि विषय संपवला. गंमत अशी की त्याच काळात मी माझ्या भौतिकशास्त्राच्या वर्गात पुण्याच्या 'परम'चं कौतुक सांगत असे. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. एकच अचाट प्रोसेसर बनवण्याऐवजी त्यांनी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून काम वाटून दिलं. 'एकट्याने शंभर कामं करण्यापेक्षा शंभर जणांनी एकेक करावं' हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर समजावत होतो. घरात मात्र काम वाटून घेणारी दुसरी चिप मुलगा मागत होता, तेव्हा मी त्याला पुढचा प्रश्नच विचारला नाही.

आता ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, ते दिवाळीच्या भाषेत सांगतो. संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. खेळात किंवा चलच्चित्रात ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा काढायची असते. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके रंगवायचे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, हा घरातल्या आजीसारखा असतो. कोणतीही अवघड रांगोळी तिला येते, पण हात मोजके. ग्राफिक्स कार्ड म्हणजे शाळेतली हजारो मुलं. एकेकाला फार अक्कल नको, आपल्या ठिपक्यात सांगितलेला रंग भरता आला की झालं. आजच्या मध्यम दर्जाच्या लॅपटॉप कार्डातही अशी तीन हजारांहून अधिक 'मुलं' असतात. म्हणूनच हे कार्ड आता नुसतं खेळांपुरतं राहिलेलं नाही. २०२० साली सी-डॅकनेच उभारलेला 'परम सिद्धी' हा महासंगणक एनव्हिडिया कंपनीच्या अशाच प्रकारच्या चिपवर चालतो. ही तीच कंपनी, जिचं नाव आपल्या नातवंडांच्या तोंडी असतं.

हे सगळं खरं असलं तरी आमच्या नातीला नेमकं काय हवं, ते यातून कळत नव्हतं. मी जन्मभर प्रयोगशाळेत काढला. तेव्हा ठरवलं की वाद घालायचा नाही, मोजायचं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर म्हणून एक खिडकी उघडते. त्यात सीपीयू, रॅम आणि ग्राफिक्स यांपैकी कोण किती राबतंय, त्याचे आलेख दिसतात. तीन संध्याकाळी मी नातीशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि वहीत आकडे लिहिले.

पहिल्या संध्याकाळी तिने क्रिटा या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चित्र काढलं. ग्राफिक्सचा आलेख जवळजवळ झोपलेला. कागद फिरवला किंवा जवळ आणला की तेवढ्यापुरता डोकं वर काढायचा. रॅम मात्र काठोकाठ भरली होती. कारण साधं आहे. चार हजार गुणिले पाच हजार ठिपक्यांचा कागद म्हणजे दोन कोटी ठिपके. प्रत्येकाला चार बाइट धरले तर एका थराला ८० मेगाबाइट लागतात. डिजिटल चित्रकार एकावर एक असे पारदर्शक थर देत जातात. आमच्या बाईसाहेबांचे साठ होते. म्हणजे ४,८०० मेगाबाइट नुसत्या एका चित्राला, आणि तिच्या लॅपटॉपची सगळी रॅम आठ जीबी.

दुसऱ्या संध्याकाळी ब्लेंडर. यात त्रिमिती आकार उभे करतात, त्यावर दिवे सोडतात, आणि मग प्रत्येक प्रकाशकिरण कुठून कुठे गेला, याचं गणित करून संगणक चित्र तयार करतो. हे माझ्या विषयाच्या फार जवळचं काम निघालं. जुन्या लॅपटॉपला वेगळं कार्ड नसल्याने सगळा भार सीपीयूवर पडला. एका चित्राला पावणेतीन तास लागले. एक दिवा इंचभर सरकवला की पुन्हा पावणेतीन तास. पोरगी का चिडते, ते मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या संध्याकाळी खेळ. मित्रमैत्रिणींबरोबर ती जे खेळते, ते फार जड नव्हते. जुन्या लॅपटॉपवरही रडतखडत चालत होते.

निकाल असा लागला की चित्रकलेला रॅम आणि चांगला पडदा हवा, त्रिमितीला कार्ड हवं, आणि त्रिमितीला पुरेल ते कार्ड खेळांना पुरून उरेल. चिरंजीवांची सूचना मॅकबुकची होती. ती चुकीची नव्हती. त्याचा पडदा उत्तम असतो आणि ब्लेंडरही त्यावर चालतं. पण तिचे निम्मे खेळ त्यावर नव्हते. नुसती चित्रं काढणाऱ्या मुलासाठी मात्र तो विचार जरूर करावा.

मग आम्ही तिघं रूट १०वरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे जे शिकलो, ते क्रमाने सांगतो, कारण खरेदीत माणूस फसतो ते इथेच.

पहिली गोष्ट, कार्डाच्या नावावर जाऊ नका. आरटीएक्स ५०७० हे नाव टेबलावरच्या संगणकातही असतं आणि लॅपटॉपमध्येही. पण टेबलावरच्या कार्डाला १२ जीबी मेमरी आणि २५० वॅट वीज मिळते. लॅपटॉपमधल्याला ८ जीबी मेमरी, आणि वीज १०० वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी. आडनाव एक, म्हणून भाऊ समजू नये.

दुसरी गोष्ट, वॅट विचारा. लॅपटॉपमधल्या ५०६० कार्डाला ४५ ते १०० वॅट यांपैकी किती द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. काही कंपन्या वरचे पंधरा धरून ११५ असंही लिहितात. एकाच आचाऱ्याला एक शेगडी दिली काय आणि तीन दिल्या काय, पंगत उठायला लागणारा वेळ सारखा कसा असेल? दिसायला देखणा, पातळ लॅपटॉप उष्णता बाहेर टाकू शकत नाही, म्हणून त्यातल्या कार्डाला पोटभर वीज देत नाहीत. दुकानातल्या पाटीवर हा आकडा नव्हता. कंपनीच्या माहितीपत्रकात 'टीजीपी' या अक्षरांपुढे तो सापडला.

तिसरी गोष्ट, कार्डाची स्वतःची मेमरी. रांगोळी काढणाऱ्याच्या हाताशी जितक्या रंगांच्या वाट्या मावतात, तेवढी ही मेमरी. त्रिमिती देखावा तिच्यात मावला नाही, तर काम रखडतं किंवा बंदच पडतं. लॅपटॉपमध्ये ५०६० आणि ५०७० या दोन्ही कार्डांना ८ जीबीच मेमरी आहे. १२ जीबी हवी असेल तर थेट ५०७० टीआय गाठावं लागतं, आणि किंमतही तशीच उडी मारते. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये कार्ड पाटावर डाग देऊन पक्कं केलेलं असतं, नंतर बदलता येत नाही. रॅम काही लॅपटॉपमध्ये वाढवता येते, काहींत नाही. हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.

चौथी गोष्ट पडदा. चित्रकाराला एसआरजीबी रंगांचा पूर्ण शंभर टक्के पल्ला हवाच. स्वस्त पडद्यावर झेंडू फिका दिसतो. मुलं तो उजळ करत बसतात आणि छापल्यावर भडक निघतो.

आमच्यासमोर दोन लॅपटॉप उरले. एक पातळ, ५०७० कार्डाचा, १,७०० डॉलरचा. दुसरा जाडजूड, ५०६० कार्डाचा, पण पूर्ण वॅटचा, ३२ जीबी रॅमचा आणि चांगल्या पडद्याचा, १,३०० डॉलरचा. आम्ही जाड्या घेतला. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर, म्हणजे आणखी सुमारे ८६ डॉलर, हे धरूनच अंदाज बांधावा. वाचलेल्या पैशात पेन टॅब्लेट आला. तोटेही सांगून ठेवतो. चार्जरची वीट वेगळी उचलावी लागते. भिंतीला जोडल्याशिवाय कार्ड पूर्ण ताकद दाखवत नाही. आणि पंखे सुरू झाले की आमच्या सौ. कुकरच्या शिट्ट्या मोजायला स्वयंपाकघरात जातात.

नवीन लॅपटॉपवर नातीने पहिलं काम काय केलं असेल? दिवाळीचा किल्ला. चिरंजीव लहान असताना आम्ही मागच्या अंगणात मातीचा किल्ला करत असू. इथल्या थंडीत माती ओली करून बोटं गारठायची. त्याच किल्ल्याचा जुना फोटो समोर ठेवून तिने ब्लेंडरमध्ये बुरूज, तटबंदी आणि पायऱ्या उभ्या केल्या आणि पायथ्याशी पणत्या लावल्या. जुन्या लॅपटॉपवर पावणेतीन तास लागले होते ते हेच चित्र होतं. आता सव्वाचार मिनिटं लागली. चिरंजीव मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "डाव्या बुरुजावर एक मावळा होता. त्याचा हात मोडला होता." तिने खुर्ची सरकवून त्यांना जागा दिली. त्या रात्री बापलेक बारापर्यंत मावळे बसवत होते आणि दर पाच मिनिटांनी दिवे हलवून पाहत होते. ते चित्र याच अंकाच्या इंग्रजी विभागात छापलं आहे, जरूर पाहा.

झोपायला जाताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी फक्त तीनशे डॉलर मागितले होते."

मी म्हणालो, "तेव्हा मी तुझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायला हवं होतं." हे एवढं वाक्य बोलायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. तो हसला आणि दिवा मालवून गेला.

तेव्हा मंडळी, दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या सेलमध्ये तुमच्यापैकी अनेकजण लॅपटॉप घेणार, हे मला ठाऊक आहे. वॅट, मेमरी, रॅम आणि पडदा, हे चार शब्द चिठ्ठीवर लिहून न्या. पण दुकानात जाण्याआधी तीन संध्याकाळी आपल्या मुलाशेजारी बसून ते नेमकं काय करतं, ते पाहा. लॅपटॉपचं काय, चार-पाच वर्षांत तो जुना होईलच.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. कारल्यांबद्दलचे फोन नेहमीप्रमाणे संध्याकाळी पाचनंतर करावेत.