तळ्याकाठच्या बागेचा नकाशा

तळेगाव दाभाडे या नावात ‘दाभाडे’ हा शब्द सरसेनापतींच्या घराण्याचा आहे. ‘तळे’ मात्र सर्वांचे आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता, लोहमार्ग आणि औद्योगिक वसाहत यांच्यामुळे मावळातील हे गाव झपाट्याने शहर होत आहे. अशा गावात तळ्याकाठची मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही. तिच्यावर पहिला हक्क सांगणारा शब्द असतो ‘सुशोभीकरण’. बागेला विरोध कोण करणार? ज्येष्ठांना बाक हवेत, मुलांना झोपाळे हवेत. परंतु नकाशा उलगडला की बाकांच्या मागे उपाहारगृह, सभागृह, व्यायामशाळा, वाहनतळ आणि स्वच्छतागृह उभे असलेले दिसते. बाग नावापुरती उरते आणि इमारती तळ्याकडे सरकतात.

श्रावकाला हा विषय परका नाही. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांसोबत जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत सरोवर, डोह आणि तलाव आटविण्याचा व्यवसाय स्पष्ट नावाने आला आहे. कोळसा पाडणे, वन तोडणे यांच्याच पंक्तीत शास्त्रकारांनी तळे कोरडे करणे बसविले, कारण अपकाय जीवांबरोबर त्या पाण्याच्या आश्रयाने जगणारे असंख्य जीव एकाच वेळी नष्ट होतात. आज कोणी तळे उपसून शेत करीत नाही. आज काठावर भराव पडतो, पाण्याची येण्याची वाट फरसबंदीखाली जाते आणि तळे आपोआप आकसते. कृती वेगळी, फळ तेच.

तळ्याजवळ बांधूच नये, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पावापुरीचे जलमंदिर कमळांच्या सरोवरात उभे आहे; कर्नाटकातील वरंग येथील केरे बसदीला नावेतून जावे लागते; श्रवणबेळगोळ हे नावच शुभ्र सरोवरावरून पडले. या वास्तूंनी पाणी राखले, कारण पाणी हेच त्यांच्या पावित्र्याचे कारण होते. याउलट पुण्याचे सारसबाग पाहावे. १७८४ मध्ये तेथील गणपतीची स्थापना झाली तेव्हा मंदिराभोवती तळे होते. आज ‘तळ्यातला गणपती’ हे नाव आहे, भोवती बाग आहे. ते तळे नाही.

कायद्याचे संरक्षण किती मिळते? पाणथळ क्षेत्रांविषयीचे २०१७ चे नियम, मागील दहा वर्षांतील सरासरी उच्च पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत नावेच्या धक्क्याखेरीज कायमस्वरूपी बांधकामास मनाई करतात. मुंबईच्या पवई तलावाकाठी महापालिकेने सायकलमार्गाचे काम हाती घेतले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते बेकायदा ठरविले आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. सायकल चालविणे हे काही पाप नव्हे. जागा चुकली होती.

परंतु याच नियमांत एक मोठी पळवाट आहे. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यांच्या व्याख्येबाहेर ठेवले आहेत. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हाच निष्कर्ष मान्य केला. मानवनिर्मित तलावही जनतेच्या विश्वस्त निधीसारखे आहेत, हे सांगण्यासही न्यायालय विसरले नाही. महाराष्ट्रातील बहुतेक जुनी तळी बांध घालून झालेली आहेत. म्हणजे ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच बाबतीत नियमाची ढाल पातळ. मग उरते नागरिकांची नजर.

ही नजर काय शोधते? पहिली गोष्ट, नकाशावर पूररेषा दाखविली आहे का. उन्हाळ्यातील पाण्याची कड धरून आखलेली बाग श्रावणात पाण्यात जाते, आणि मग बाग वाचविण्यासाठी तळ्याला भिंत घातली जाते. मावळच्या पावसात ही चूक लपत नाही. दुसरी गोष्ट स्वच्छतागृह. सुंदर चित्रांत ते कोपऱ्यात असते, आणि तो कोपरा बहुधा उताराच्या खालच्या बाजूला, पाण्यालगत असतो. शोषखड्ड्यातील मैला कुठे झिरपणार, हे विचारणारा एकही नागरिक सभेत नसावा याचे आश्चर्य वाटते. परिष्ठापनिका समिती शिकविते ती हीच गोष्ट: टाकाऊ वस्तू जीवरहित, निर्दोष जागी टाकावी. साधूंसाठी सांगितलेला हा नियम नगररचनाकारानेही वाचायला हरकत नाही. तिसरी गोष्ट दिव्यांची. रात्रभर पाण्यावर पडणारा झगझगाट पाखरांना आणि पाण्यावरील कीटकांना सुखाचा नसतो, आणि अंधारानंतर फिरायला येणाऱ्यांना इतका उजेड लागतही नाही.

नकाशा पाहण्याचा हक्क कागदावर आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली कामाचे आणि कागदपत्रांचे प्रत्यक्ष निरीक्षण करता येते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. विकास आराखड्यातील आरक्षणात किरकोळ बदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना बहुधा वृत्तपत्राच्या आतील पानावर बारीक अक्षरांत येते. हरकत घेताना ‘प्रकल्प रद्द करा’ एवढे लिहून भागत नाही. ‘उपाहारगृह रस्त्याकडे हलवा, स्वच्छतागृहाचा मैला नगरपरिषदेच्या मलवाहिनीला जोडा, पाण्याच्या येण्याच्या वाटेवर पायवाट नको’ असे मुद्द्यागणिक लिहिलेल्या अर्जाला अधिकाऱ्यास मुद्द्यागणिक उत्तर द्यावे लागते.

संघात वकील आहेत, वास्तुविशारद आहेत, बांधकाम व्यावसायिक तर बरेच आहेत. व्यावसायिकांनी आपल्याच ज्ञानाचा उपयोग तळ्यासाठी केला, तर एखादी इमारत पन्नास पावले मागे सरकू शकते, आणि नकाशा कागदावर असेपर्यंत ती सरकविण्यास खर्च काहीच येत नाही.