दाब मोजल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. उन्हाळ कांदा निघायला लागला, म्हणजे गावातल्या जुन्या ४०७ आणि सहा टायरी आता रोज लासलगावला, नाहीतर वाशीला. आणि दरवर्षी याच दिवसांत दोन-तीन जण तरी तोंड पाडून सांगतात, "गाडी ऑइल गाळतेय, दाबबी कमी दाखवतोय, मेस्त्री म्हणतो फुल इंजिन करावं लागंल."

माझं मत सरळ आहे. गेज लावून दाब मोजल्याशिवाय आणि गळती नेमकी कुठून आहे ते बघितल्याशिवाय जो इंजिन खोलायला सांगतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका. मग तो तीस वर्षांचा मुरलेला मेस्त्री का असेना. पान पिवळं दिसलं की लगेच युरिया टाकणाऱ्याला आपण हसतो. मुळाशी पाणी साचलंय का, लोह कमी पडलंय का, हे आधी बघतो ना? इंजिनाला दुसरा न्याय कशाला?

पहिली गोष्ट, गळणं आणि दाब कमी होणं हे दोन वेगळे आजार आहेत. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं, चेंबरच्या पॅकिंगमधून टिपटिप चालू आहे, तरी पट्टीवर ऑइल दोन खुणांच्या मधे आहे तोवर दाबाला काही होत नाही. उलट आतली बेअरिंग पार घासलेली असली तरी बाहेरून इंजिन कोरडं ठणठणीत असू शकतं. दोन्ही तक्रारी एकदम आल्या की मेस्त्रीला "इंजिन बसलं" म्हणणं सोपं जातं.

आमच्या शिवारातल्या एका कांदेवाल्याच्या ४०७ चं असंच झालं. गॅरेजवाल्यानं साठ-सत्तर हजारांचा अंदाज दिला होता. गाडी माझ्या शेडसमोर आणली. डॅशबोर्डवर काटा तळाला. सेंडरचा बल्ब काढला, तिथं मेकॅनिकल गेज बसवलं. इंजिन चांगलं तापवून बघितलं तर दाब व्यवस्थित. सेंडर खराब होता, दुसरं काही नाही. आणि गळती? अल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप असतो, त्यातून ऑइल चेंबरला परत नेणारा रबरी पाइप चिरला होता. सेंडर आणि पाइप, दोन हजारांच्या आत काम झालं.

पण तो पाइप किरकोळ समजू नका. जुन्या ४०७ चा ब्रेक बूस्टर त्या व्हॅक्यूम पंपावर चालतो, आणि पंपाला ऑइल इंजिनातूनच एका बारीक नळीनं जातं. ती नळी तुंबली की पंप कोरडा पडतो आणि ब्रेकचं पॅडल दगडासारखं होतं. ती फुटली तर वाईटच, कारण दाबाखालचं ऑइल असतं, पिचकारीसारखं उडतं आणि चेंबर बघता बघता रिकामं होतं. मागं पोत्यांवर मजूर बसलेले असतात, हे लक्षात ठेवा.

आता गळती शोधायची कशी. ऑइल जिथं टपकतं तिथून ते क्वचितच निघालेलं असतं. वरून गळतं, खाली उतरतं, आणि गाडी पळते तेव्हा वाऱ्यानं मागं ढकललं जातं. त्यामुळं मागच्या बाजूला सगळं माखलेलं दिसतं आणि लोक म्हणतात मागचं सील गेलं. मागचं सील म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं, दोन दिवस गाडी उभी. म्हणून आधी इंजिन गार असताना डिझेल आणि ब्रशनं सगळं धुवा, मग साबणाचं पाणी. अल्टरनेटर आणि स्टार्टरवर पिशवी बांधा. वाळलं की घरातली टाल्कम पावडर शिंपडा. पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवा, एक चक्कर मारून या, आणि बॅटरी घेऊन बघा. ओल्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा हाच उगम. चाकाला लाकडी ओट लावल्याशिवाय खाली शिरू नका, तेवढं सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

क्लच हाऊसिंगच्या खालच्या भोकातून टिपका पडत असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. काळं पातळ असेल तर इंजिनाचं. पिवळट-तपकिरी आणि गंधकासारखा घाण वास असेल तर गिअरबॉक्सचं. इंजिनाचं सील बदलून वरती हे गिअरचं ऑइल निघालं, असं झालेलं मी दोन ठिकाणी पाहिलंय. फिल्टर नुकताच बदलला असेल आणि गळती त्यानंतरच सुरू झाली असेल तर फिल्टर काढून बघा, जुना रबरी वायसर वरच चिकटून राहिलेला असतो आणि त्याच्यावर नवा बसवलेला.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रिदर. पिस्टनच्या बाजूनं थोडा धूर चेंबरमध्ये उतरतोच, त्याला बाहेर पडायला ब्रिदरचा पाइप दिलेला असतो. तो पाइप मातीनं, काजळीनं, कधी कुंभारमाशीच्या घरानं बंद झाला की आतला वारा वाट शोधतो आणि एकेक सील, पॅकिंग ओलं करायला लागतो. मग आपण आज हे पॅकिंग बदल, उद्या ते. चारी बाजूंनी एकदम पाझरायला लागलेलं इंजिन दिसलं की मी आधी ब्रिदर काढून फुंकून बघतो. तो मोकळा असूनही ऑइल टाकायचं झाकण उघडल्यावर भट्टीसारखा धूर फेकत असेल, तर मात्र रिंगा आणि लायनरचा विषय आहे, पॅकिंग बदलून भागणार नाही.

मॅनिफोल्डवर ऑइल पडत असेल तर ते काम आजच करा. उसाच्या फडात पाचटावर किंवा कडब्याशेजारी गाडी उभी करणाऱ्यांना हे जास्त सांगावं लागत नाही.

दाबाकडे येऊ. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. गेजवर काटा कमी दिसतो तो पंप थकल्यामुळं, सक्शनला हवा घेतल्यामुळं, किंवा पुढं लॅटरल फुटून पाणी वाहून चालल्यामुळं. आणि ड्रिपर तुंबले की काटा उलट वर चढतो, पण झाडाला पाणी मिळत नाही. ऑइलचंही तसंच. दाब म्हणजे ऑइलच्या वाटेतला अडथळा, आणि बेअरिंग वाचतं ते तिथून वाहणाऱ्या ऑइलमुळं.

म्हणूनच "जाड ऑइल टाक, काटा वर येतो" हा सल्ला मला पटत नाही. काटा येतो वर, खरंय. पण थंड सकाळी ते जाड ऑइल जाळीतून ओढायला पंपाला वेळ लागतो आणि तेवढा वेळ वरची टॅपेटं, शाफ्ट कोरडी चालतात. काही जण तर गिअरचं ९० नंबर मिसळतात, म्हणतात ४० पेक्षा दुप्पट जाड. तसं नाहीये. गिअर ऑइलचे आणि इंजिन ऑइलचे नंबर वेगवेगळ्या मापाचे आहेत. गिअरचं ९० हे तापल्यावर साधारण इंजिनाच्या ४०-५० एवढंच जाड असतं. म्हणजे जाडी फारशी वाढली नाही, आणि इंजिनाला नको असलेली गिअरची रसायनं तेवढी आत गेली. गाडी विकायची असली की हे सगळे उद्योग होतात, म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन आधीच तापवून ठेवलेलं असो की थंड, आपण पाऊण तास चालवून मगच दाब बघावा. थंड इंजिनाचा काटा सगळ्यांचाच चांगला असतो.

मोजताना चांगलं मेकॅनिकल गेज मेन गॅलरीच्या भोकावर लावा. आकडा कंपनीच्या पुस्तकातला खरा. पुस्तक नसेल तर जुना ठोकताळा असा की तापलेल्या इंजिनाला दर हजार आरपीएममागं निदान १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ किलो. १५०० ला एक किलोच्या वर पाहिजे. डॅशबोर्डच्या लाल दिव्यावर विसंबू नका, तो दाब जवळजवळ संपल्यावर पेटतो.

आकड्यापेक्षा काटा वागतो कसा ते जास्त सांगतं. रेस वाढवली तरी काटा हलत नाही, आणि हे एकाएकी सुरू झालं, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिलेला असू शकतो. तो काढून धुणं हे तासाभराचं काम. वाशीला माल टाकून कसारा चढताना काटा हळूहळू पडतो, बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली की परत जागेवर येतो, तर चेंबरमधली जाळी गाळानं धरलीय. चेंबर खाली घ्या, जाळी धुवा. काटा थरथरतो, वळणावर झुकतो, तर आधी पट्टी बघा, ऑइल कमी असेल, नाहीतर सक्शन पाइपाच्या जोडाला हवा घेतंय. आणि चार-पाच वर्षांत थोडा थोडा करत दाब उतरत आला असेल, गरम झाल्यावर निवांत रेसला काटा तळ गाठत असेल, तर ती बेअरिंगची झीज. इथं मेस्त्री बरोबर असतो.

पट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढतंय का, हे फार थोडे लोक बघतात. वाढणं जास्त वाईट. डिझेल उतरत असेल तर ऑइल पातळ होतं आणि दाब जातो, इंजिन चांगलं असूनही. फीड पंप, डिझेल पंपाचं सील, नाहीतर टिपकणारा नोझल, यातलं एक कारण असतं. पट्टीचा वास घ्या, एक थेंब वर्तमानपत्रावर टाका. मधे काळा डाग आणि बाहेर तेलकट पातळ कडं लांब पसरत गेलं तर संशय घ्या. पाण्याची शंका असेल तर जुन्या तव्यावर तापवून एक थेंब टाका, तडतडला तर पाणी आहे. (घरातला रोजचा तवा घेऊ नका, आमच्याकडे त्यावरून बोलणं खावं लागतं.) डिझेल उतरतंय हे न बघता बेअरिंग नवी टाकली तर तीही त्याच पातळ ऑइलमध्ये चालणार.

एअर ब्रेकच्या मोठ्या गाड्यांत ऑइल कमी होतंय आणि बाहेर थेंबही नाही, तर हवेच्या टाकीचा कॉक उघडून बघा. पाण्याबरोबर बरंच ऑइल निघालं तर कॉम्प्रेसर ओढतोय.

खालून ठोका यायला लागला आणि दाबही गेला, तर "गॅरेजपर्यंत नेतो" म्हणू नका. बंद करा, दोर बांधून न्या. बेअरिंग फिरलं तर क्रँक जातो, रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि मग पंचवीस वर्षांच्या गाडीला इंजिन घालायचं की भंगारात द्यायची, एवढाच हिशेब उरतो.

दाब खरंच कमी निघाला, तरी लगेच फुल इंजिन नाही. आधी निघालेला फिल्टर पत्र्याच्या कात्रीनं कापून कागदाच्या घड्या उलगडायला सांगा. चांदीसारखा किंवा तांब्याच्या रंगाचा चुरा दिसला तर बेअरिंग. मग चेंबर खाली घेऊन एक मेन आणि एक रॉडचं बेअरिंग उघडून दाखवायला सांगा, तुमच्या समोर. क्रँक मायक्रोमीटरनं मोजल्याशिवाय ०.२५ घालायचं की ०.५० हे ठरवू देऊ नका. आणि निघालेली बेअरिंग पिशवीत घालून घरी आणा. चांगला मेस्त्री या गोष्टींनी चिडत नाही, उलट दाखवायला त्याला आवडतं. आमच्याकडे असे दोघं आहेत, आणि त्यांच्याकडे गर्दी म्हणून गाडीला आठवडा थांबावं लागतं. थांबा.

मी डायरीत महिन्याला तीन आकडे लिहितो. कालचे माझ्या ४०७ चे असे: पाऊण तास चालवून, निवांत रेसला ०.९ किलो, १५०० ला २.३ किलो, आणि मागच्या बदलीपासून १८०० किलोमीटरला वरून टाकलेलं ऑइल पाऊण लिटर. गाडी २४ वर्षांची, ऑइल १५ डब्ल्यू ४०. तुमच्या गाड्यांचे मोजून कळवा, मॉडेल आणि गेज कुठं लावलं तेही लिहा.