इस्राएलच्या पाठीराख्यांनो, त्याने दिलेला शब्द धरा



हल्ली निळ्या ताऱ्याचा झेंडा आपल्याकडेही गाडीच्या काचेवर आणि मोबाइलच्या डीपीवर दिसू लागला आहे. मी रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात वाढलो. खरे तर मला आनंद व्हायला हवा. पण त्या झेंड्याखालचा मजकूर वाचला की मान खाली जाते. इस्राएलबद्दलची माया त्यात क्वचितच असते. असतो तो दुसऱ्या कुणाबद्दलचा द्वेष, आणि तो ओकायला आमचा तारा हाताशी धरलेला असतो. म्हणून हे पत्रक.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. इस्राएलच्या अस्तित्वाच्या हक्काबद्दल मी कुणाशी घासाघीस करणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० माणसे मारली आणि २५१ जणांना ओलीस धरून नेले. त्याला जो प्रतिकार म्हणतो, त्याच्या पंगतीला मी बसणार नाही. २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावरच्या दहशतवादी हल्ल्यात जे झाले ते आपण मुंबईत पाहिले आहे. ज्यूंना हक्काचे घर का लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण त्या घराने एक शब्द दिला आहे. १४ मे १९४८, शुक्रवार. सब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत, तेल अवीवमध्ये डेव्हिड बेन-गुरियन यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली. युद्ध अंगावर आले होते. तरीही धर्म, वंश, लिंग असा भेद न करता सर्व रहिवाशांना पूर्ण सामाजिक आणि राजकीय समानता मिळेल, असे वचन त्या मजकुरात आहे. अरब रहिवाशांनी समान नागरिक म्हणून राष्ट्र उभारायला यावे, असे आवाहनही आहे. इस्राएलचा पाठीराखा म्हणवणाऱ्याने हा मजकूर वाचला नसेल, तर तो नेमका कशाच्या पाठीशी उभा आहे?

या शब्दाची किंमत आमच्या लोकांनी मोजली आहे. कोकणात आम्ही शनवार तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी गावांची आडनावे लावून शतकानुशतके राहिलो. ज्यू म्हणून इथे कुणी छळले नाही. तरी इस्राएल झाले तेव्हा हजारोंनी बोटी-विमाने धरली. आणि तिथे १९६२ साली मुख्य रब्बीनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने, फतवा काढला की बेने इस्राएलांचे इतरांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची, मागे जाता येईल तितकी, चौकशी करावी. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांच्या ज्यूपणावरच शंका.

आमच्या माणसांनी काय केले? नाक मुठीत धरून चौकशीला उभे राहिले नाहीत आणि देशाला शिव्या देत घरीही बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडले. ऑगस्टमध्ये क्नेसेटला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, जाहीर करावे लागले की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. रब्बीनेटलाही आपल्या नियमातून आमचे नाव काढावे लागले. त्या दिवसांत इस्राएलचे खरे पाठीराखे कोण होते? गप्प राहा, शत्रू हसेल, असे सांगणारे, की रस्त्यावर बसलेली ती मराठी बोलणारी कुटुंबे?

हाच प्रश्न २०१८ साली पुन्हा उभा राहिला. इस्राएल हे ज्यू लोकांचे राष्ट्र आहे असे ठरवणारा राष्ट्र-राज्य कायदा ६२ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झाला, आणि त्यात समानता हा शब्दच नाही. इस्राएलमधल्या अरबी बोलणाऱ्या द्रुझ समाजाची मुले इस्राएली सैन्यात लढतात, मरतात. ते तेल अवीवच्या चौकात उतरले, आपल्या झेंड्याशेजारी इस्राएलचा झेंडा धरून. तो चौक पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्या नावाचा. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी शांतता सभेनंतर राबिन यांना तिथेच गोळ्या घातल्या. घालणारा ज्यू होता आणि आपण राष्ट्र वाचवतो आहोत अशी त्याची खात्री होती. आंधळी भक्ती कुठवर जाते, ते त्या फरशीवर लिहिले आहे.

म्हणून वेस्ट बँकेत सेटलर, म्हणजे तिथे वसाहती करून राहिलेले इस्राएली, ऑलिव्हची झाडे तोडतात, घरे जाळतात, तेव्हा ते चूक आहे असे पाठीराख्यानेच आधी म्हणायला हवे. ७ ऑक्टोबरनंतरच्या युद्धात गाझात हजारो मुले मेली. त्या मुलांसाठी ज्याच्या घशात आवंढा येत नाही, त्याने आमच्या ओलिसांसाठी काढलेल्या अश्रूंवर मी कसा विश्वास ठेवू? हमासचा गुन्हा यामुळे तसूभरही कमी होत नाही.

माझी आत्या बीरशेबाला असते. वय ऐंशीच्या पुढे. नातवंडांशी हिब्रू, माझ्याशी फोनवर अलिबागची मराठी. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, नारळाच्या दुधात गव्हाचा चीक घालून हलवा ढवळते. दोन्ही मुलगे सैन्यात राहून आले. २०२३ साली सरकार न्यायालयाचे अधिकार छाटायला निघाले तेव्हा आकाशात तीन तारे दिसून सब्बाथ संपला की ती घडीची खुर्ची आणि झेंडा घेऊन निदर्शनाला जाई. रात्री परत आल्यावर झेंड्याच्या चार घड्या घालून तो दाराशीच ठेवी, पुढच्या शनिवारसाठी.

इस्राएलच्या बाजूने उभे राहायचे असेल तर जरूर राहा. आधी १९४८ ची घोषणा मिळवून वाचा, घरात मोठ्याने वाचा. मग अलिबागला इस्राएल आळीत या, मागेन आबोथ सिनेगॉग पाहा, आमच्यातल्या कुणाशी तरी दोन शब्द बोला. आणि वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारी द्या.

— रायगड जिल्ह्यातील एक बेने इस्राएल